कागदावरची काडीमाणसं

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ३८ वर्षांच्या फिजिओथेरपिस्ट आहेत. १२ वर्षं मोठ्या रुग्णालयात काम करून दीड वर्षापूर्वी त्यांनी स्वतःचं क्लिनिक काढलं. रुग्णालयात पेशंट आपोआप यायचे, इथे आपलं नाव लोकांपर्यंत पोचायला हवं, म्हणून त्यांनी 'पर्सनल ब्रँड' उभा करण्याचं काम एका एजन्सीकडे दिलं. एजन्सीने तीन रंग आणि एक फॉन्ट ठरवला, रोज एक पोस्ट आणि आठवड्याला चार रील असं कॅलेंडर आखलं. हळूहळू त्यांच्या नावाने एक वेगळीच बाई दिसू लागली: पहाटे पाचला उठणारी, सतत हसणारी, टाळ्या वाजवून बोलणारी. फॉलोअर ११,००० झाले. दोन महिन्यांपूर्वी रील पाहून आलेल्या एका पेशंटने तिसऱ्या भेटीत विचारलं, "मॅडम, त्या व्हिडिओतल्या तुम्हीच ना?" तेव्हापासून कॅमेरा सुरू केला की त्यांच्या घशात गोळा येतो. त्या विचारतात, "सगळं बंद करून टाकू का? की मीच काळाच्या मागे पडले आहे? माझ्याहून सात वर्षांनी लहान सहकारी याच वाटेने कुठल्या कुठे गेली. खरं राहायचं तर धंदा होत नाही आणि धंदा करायचा तर खरं राहता येत नाही. मी काय करू?"

उत्तर:

तुमचं पाच पानी पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात माझं लक्ष तुम्ही जिथे बोट दाखवलंत तिथेच गेलं: रंग, कॅलेंडर, फॉलोअर, ती सहकारी. दुसऱ्या वाचनात चौथ्या पानाच्या तळाशी अडखळले. तिथे तुम्ही लिहिलंय की घरी करायचे व्यायाम तुम्ही पूर्वी पेशंटला हाताने काढून द्यायचात. काडीची माणसं, वाकलेल्या गुडघ्यावर बाण, बाणाशेजारी 'ताण इथे जाणवायला हवा, इथे नको'. एक आजोबा सहा महिन्यांनी परत आले तेव्हा तो कागद त्यांच्या पाकिटात होता, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. आणि लगेच पुढचं वाक्य: एजन्सी म्हणाली हे बाळबोध दिसतं, म्हणून आता छापील पत्रकं देते. रंगांवर तुम्ही पाऊण पान लिहिलंत. या कागदावर चार ओळी.

त्या चार ओळींकडे मी परत येईन. आधी तुमचा प्रश्न.

'खरं राहायचं तर धंदा होत नाही' असं तुम्ही म्हणता, पण पत्रात तुम्ही तीन अगदी वेगळ्या गोष्टींना 'खोटं' म्हटलंय. कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखं होतं, ते खोटं. स्वभावाने अबोल असून रीलमध्ये भडाभडा बोलता, ते खोटं. आणि '२१ दिवसांत खांदेदुखीला रामराम' असं एका रीलमध्ये तुमच्या फोटोखाली लिहिलं गेलं, तेही खोटं. माझ्या मते यातलं पहिलं खोटं नाहीच. दुसरं थोडंफार आहे. तिसरं मात्र शंभर टक्के आहे. तिन्हींची एकच मोट बांधलीत म्हणून 'सगळं बंद करू का' असा टोकाचा प्रश्न पडला.

अवघडलेपणापासून सुरू करते. हर्मिनिया इबारा या संशोधिकेने १९९९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सल्लागार कंपन्यांत आणि गुंतवणूक बँकांत काम करणारी तरुण माणसं वरच्या जबाबदारीवर जाताना काय करतात, ते तिने पाहिलं. ही माणसं वरिष्ठांच्या बोलण्याच्या पद्धती, सभेत बसण्याच्या तऱ्हा उसन्या घेऊन बघत. काही दोन-चार वेळा वापरून टाकून देत, काही मुरवून आपल्याशा करत. या उसन्या, तात्पुरत्या रूपांतूनच पुढचा माणूस घडत होता. पुढे २०१५ मध्ये तिने हेही लिहिलं की 'मी अशीच आहे' याला फार घट्ट धरून बसलेली माणसं नव्या कामात अडकून पडतात, कारण प्रत्येक नवी गोष्ट त्यांना स्वतःशी केलेली प्रतारणा वाटते.

तुम्ही १२ वर्षं रुग्णालयात होता. तिथे तुम्हाला स्वतःबद्दल चार शब्द बोलायची वेळच आली नाही, कारण बोलायचं काम इमारतीवरची पाटी करत होती. आता ते तुम्हाला करावं लागतंय. नवं काम अंगाला लागायला वेळ लागतो, आणि तोवर ते उपरं वाटणारच. तुम्ही पेशंटना एक फरक रोज समजावत असाल: नवा व्यायाम सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकतो ते दुखणं वेगळं आणि सांध्यात कळ येते ते वेगळं. पहिल्यात चालू ठेवा म्हणता, दुसऱ्यात ताबडतोब थांबा म्हणता. कॅमेऱ्यासमोर स्वतःचंच वाक्य बोलताना जीभ अडखळते, हात कुठे ठेवावे कळत नाही, तो स्नायूचा ठणका. जे वाक्य तुम्ही क्लिनिकमध्ये पेशंटच्या डोळ्यांत बघून कधीच म्हणणार नाही ते बोलताना घशात गोळा येतो, ती सांध्यातली कळ. प्रत्येक रीलच्या बाबतीत हे दोन वेगळे करून बघा. एखाद्या संध्याकाळचं काम आहे, पण त्याने तुमचा निम्मा प्रश्न सुटेल असं मला वाटतं.

आता अबोलपणा. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रोजच्या वागण्याचं वर्णन नाटकाच्या भाषेत केलं. माणसाचा एक वावर रंगमंचावरचा असतो आणि एक विंगेतला. पेशंटसमोर तुमचा आवाज खालच्या पट्टीत असतो, बहिणीशी फोनवर बोलताना तो चढतो, परिषदेत तुम्ही तिसरीच भाषा बोलता. यात कुणी फसवत नाही आणि कुणी फसत नाही, समोर कोण आहे ते पाहून माणूस आवाज लावतो. पंचाईत इंटरनेटवर होते, कारण तिथे पेशंट, बहीण, जुने वरिष्ठ आणि अनोळखी माणसं एकाच वेळी समोर बसलेली असतात. अ‍ॅलिस मारविक आणि डॅना बॉइड या संशोधकांनी २०११ मध्ये ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास करताना नेमकी हीच अडचण मांडली होती: वेगवेगळे प्रेक्षक एकमेकांत मिसळतात, मग बोलायचं कुणाशी? अशा वेळी बहुतेक जण 'सगळ्यांना' उद्देशून बोलू लागतात, आणि सगळ्यांना उद्देशून काढलेला आवाज कुणाचाच नसतो. तुमच्या रीलमधल्या त्या टाळ्या तिथून आल्यात.

यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. एक माणूस डोळ्यांसमोर धरा. पाकिटातून तो फाटका कागद काढणारे आजोबा धरा. त्यांना सांगायचं असतं तर तुम्ही ते कसं सांगितलं असतं? हळू, मध्ये थांबत, एकदा उलट विचारून, "कळलं ना?" तसंच रेकॉर्ड करा. अबोल माणसाला बोलकं व्हावं लागत नाही. त्याने कमी बोलावं, पण जे बोलेल ते त्याचं स्वतःचं असावं.

स्वतःचाच अनुभव सांगते. मी सदर लिहायला लागले तेव्हा 'धारदार लिहा, वाचकाला हलवून सोडा' असं मला सांगितलं गेलं होतं. आठ महिने मी तसं लिहिलं. लोक वाचत होते, वाहवाही मिळत होती. मग एका बाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यांच्याच पत्राला मी उत्तर दिलं होतं. त्यात एकच वाक्य होतं: 'तुम्ही छान लिहिलंत, पण माझं कुणी ऐकून घेतलं असं वाटलं नाही.' ते पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या दिवसापासून उत्तर लिहायच्या आधी मी पत्र तीनदा वाचते. लिखाणाची धार किती कमी झाली ते मला सांगता येणार नाही. पण मला प्रत्यक्ष भेटणारी माणसं आणि माझं लिहिलेलं वाचणारी माणसं आता एकाच बाईबद्दल बोलतात.

आणि आता तुम्हाला सगळ्यात जास्त टोचणारं, ते '२१ दिवस'. आखडलेला खांदा आधी दुखतो, मग जखडतो, मग सावकाश सुटतो, आणि या सगळ्याला एक ते तीन वर्षंही लागू शकतात, हे मी तुमच्यासारख्यांकडूनच शिकले आहे. तुम्ही पेशंटला पहिल्याच दिवशी सांगता की घाई करून चालणार नाही. आणि तुमचाच फोटो बाहेर सांगतोय की तीन आठवड्यांत मोकळे व्हाल. रील पाहून आलेला माणूस २२व्या दिवशी हात वर करून बघतो, हात जात नाही, आणि त्याला वाटतं की खोट आपल्यातच आहे. दुखणाऱ्या माणसाला आपण ही दुसरी दुखापत करतो. तुमच्या स्वभावाशी, रंगांशी, आवाजाशी याचा काही संबंध नाही. हे आश्वासन आहे, आणि ते तुम्हाला पाळता येणार नाही. 'ब्रँड खोटा वाटतो' अशी तक्रार माझ्याकडे अनेक पत्रांतून येते. खणून पाहिलं तर बहुतेक ठिकाणी तळाशी असंच एखादं न पाळता येणारं आश्वासन सापडतं. वकील 'निकाल हमखास' लिहून बसलेला असतो, शिकवणारा 'महिन्यात अस्खलित' म्हणून बसलेला असतो. अशा वेळी रंग, आवाज, हावभाव बदलून उपयोग होत नाही. ते आश्वासनच मागे घ्यावं लागतं.

त्या पेशंटच्या प्रश्नाकडे वळू. "व्हिडिओतल्या तुम्हीच ना?" हा तुम्हाला आरोप वाटला. पण त्यानंतर तो काय म्हणाला ते तुम्हीच कंसात लिहिलंय: 'इथे बरं वाटतं, तिथे जरा घाई वाटते.' अहो, हा आरोप कुठे आहे? तिसऱ्या भेटीला आलेला माणूस आहे तो. त्याने दोन्ही बाया पाहिल्या आणि त्यातली एक निवडली. त्याने निवडलेली बाई तुम्ही आहात.

'पर्सनल ब्रँड' हा शब्द आज इतका रुळलाय की तो कायमचाच होता असं वाटावं. खरं तर माणसाने स्वतःला ब्रँड समजावं ही कल्पना १९९७ च्या ऑगस्टमध्ये टॉम पीटर्स या व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकाच्या 'फास्ट कंपनी' मासिकातल्या लेखाने सर्वदूर पोचवली. 'तुम्ही स्वतःच तुमच्या कंपनीचे प्रमुख' असा त्याचा सूर होता. त्यातला एक भाग मला मान्य आहे: आपलं काम लोकांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकून निवांत बसण्याचे दिवस बऱ्याच व्यवसायांत राहिले नाहीत. पण वस्तूचा ब्रँड आणि माणसाचं नाव यात एक मोठा फरक आहे. साबण बनवणारा कारखाना गिऱ्हाईक कधी बघत नाही, म्हणून वेष्टनाला बोलावं लागतं. तुमच्याकडे येणारा माणूस अर्धा तास थेट कारखान्यातच बसलेला असतो. तुमचा हात त्याच्या खांद्यावर असतो. वेष्टन काहीही म्हणो, त्याला आत काय आहे ते कळतंच.

आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे. एखाद्या वैद्याबद्दल आपण म्हणतो, 'त्यांच्या हाताला गुण आहे.' हे कधी कोणता वैद्य स्वतःबद्दल म्हणत नाही. ते दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायचं वाक्य आहे. नाव होतं ते असं, आणि म्हणून तुमच्या कामाची पहिली पायरी अशी: तुमच्याबद्दल आधीच बोललं जाणारं ते वाक्य शोधून काढा. सात-आठ जणांना विचारा. जुने पेशंट, तुमच्याकडे पेशंट पाठवणारे डॉक्टर, रुग्णालयातला एखादा सहकारी. 'मी कशी आहे?' असं मात्र विचारू नका, त्यावर सगळे 'खूप छान' म्हणून मोकळे होतात. विचारा, 'माझं नाव कुणाला सुचवताना तुम्ही नेमकं काय सांगता?' उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. 'व्यायाम कागदावर काढून देतात' हे त्यात निदान दोघांनी तरी म्हटलं नाही तर मला नवल वाटेल. हा प्रश्न सुताराला चालतो, प्रोग्रामरला चालतो, भाषांतर करणाऱ्यालाही चालतो. नोकरीत असलेल्यांनी जवळच्या दोन सहकाऱ्यांना आणि एका जुन्या वरिष्ठांना विचारावा.

कधीकधी उत्तरं आवडत नाहीत. आपल्याला वाटत असतं आपण कल्पक म्हणून ओळखले जातो, आणि लोक म्हणतात 'वेळेवर काम देतो'. मनाला लागतं. पण उभं राहायला तीच जमीन आहे. पुढे दुसरं काही व्हायचं असेल तर निघायचं तिथूनच.

एजन्सीने 'सातत्य' हा शब्द तुम्हाला रोज पोस्ट या अर्थाने शिकवला. मला तो वेगळा दिसतो. सोमवारी सकाळच्या पहिल्या पेशंटला आणि शनिवारी रात्रीच्या शेवटच्या पेशंटला त्याच प्रश्नाचं तेच उत्तर मिळतं का? डीएममध्ये, म्हणजे खासगी संदेशात, 'गुडघ्यातून आवाज येतो, काय करू' असं विचारणाऱ्या अनोळखी माणसाशी तुम्ही क्लिनिकमधल्यासारख्याच बोलता का, की तिथे 'अपॉइंटमेंट घ्या' असं तयार उत्तर जातं? आपल्या आवाक्यातलं नाही ते 'नाही' म्हणून सांगता का? लोक सातत्य यावरून जोखतात, आणि ते त्यांना फार लवकर कळतं. रोजच्या पोस्टबद्दल माझं मत सरळ आहे: वर्षातला तुमचा सगळ्यात थकलेला आठवडा आठवा. घरात आजारपण, क्लिनिकमध्ये गर्दी, डोकं बधिर. त्या आठवड्यातही जेवढं जमलं असतं तेवढंच कायमचं ठरवा. महिन्यात दोन पोस्ट निघत असतील तर दोन. आठवड्याला चार रील हा वेग त्या एजन्सीचा आहे. चालायचं तुम्हाला आहे.

रंग-फॉन्ट काढून टाका असंही मी म्हणत नाही. ते ठेवा. दुरून पाहून 'हे यांचं आहे' असं कळायला त्यांचा उपयोग होतो.

पत्रातली आणखी एक गोष्ट मला बेचैन करून गेली. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा तुम्ही शिकत होतात, त्यांना पुन्हा उभं करताना तुम्हाला या कामाची गोडी लागली. एजन्सीला ही गोष्ट हवी आहे, 'खूप चालेल' म्हणून. तुमचा हात पुढे होत नाही, आणि यालाही तुम्ही स्वतःचा कोतेपणा म्हणता. कृपा करून म्हणू नका. खरं असणं म्हणजे सगळं उघडं करणं, ही समजूत अलीकडे फार पसरली आहे. दार बंद असलेल्या खोलीतही माणूस खराच असतो. अशी गोष्ट बाहेर द्यायच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. ती एकट्या माझी आहे का? तुमच्या वडिलांचीही आहे, आणि ते हयात असतील तर पहिला शब्द त्यांचा. वाचणाऱ्याच्या हाती तिच्यातून काही लागणार आहे का, की फक्त त्याचे डोळे भरून येतील? आणि उद्या कुणी तिच्याखाली काहीतरी वाकडं लिहिलं तर मला ते झेपेल का? तिन्हींवर मन स्वच्छ 'हो' म्हणत नसेल तर ती गोष्ट घरातच राहू द्या. उलट, काय कधीच दाखवायचं नाही याची एक यादी आत्ताच करून ठेवा, म्हणजे दर वेळी एजन्सीशी नव्याने हुज्जत घालावी लागणार नाही.

पेशंटच्या गोष्टींना तर याहून कडक नियम लावा. उपचार चालू असलेला माणूस तुम्हाला 'व्हिडिओ नको' असं सहजी म्हणू शकत नाही, कारण उद्या त्याला तुमच्याच हातात गुडघा द्यायचा असतो. त्यामुळे उपचार संपल्यावरच विचारा, लेखी संमती घ्या, आणि नंतर कधीही काढून टाका म्हणाला तर काढता येईल हे त्याला सांगा. नुसतं नाव बदललं म्हणजे झालं, असं नसतं. चालण्याच्या ढबीवरूनही माणूस ओळखू येतो, हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

मग दाखवायचं काय? आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि पेशंटना तुम्ही पुन्हा पुन्हा काय सांगता ते टिपा. माझा अंदाज आहे की पाच-सहा वाक्यं सापडतील. 'दुखतं तिथेच कारण असतं असं नाही' हे त्यात असेलच: मानेतली शीर दाबली जाते आणि कळ हातात जाते, खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. तुमच्याकडे एवढं भांडार असताना पहाटे पाचच्या दिनक्रमाची काय गरज? आणि एक पोस्ट मला तुमच्याकडून नक्की वाचायला आवडेल: माझ्याकडे कधी येऊ नये. पाठदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला तर फिजिओथेरपिस्टची वेळ न घेता तातडीने रुग्णालय गाठायचं असतं. हे जी स्वतः सांगते तिच्यावर लोक विश्वास ठेवतात, कारण यात तिचा काही फायदा नाही हे त्यांना दिसतं.

त्या धाकट्या सहकारीबद्दल थोडंच. ती कदाचित खरोखरच तशी असेल, हसरी, बोलकी, कॅमेऱ्याची हौस असलेली. तिच्या अंगाला तो सदरा बरोबर बसतो. तुम्हाला तो बसला नाही यात तिचाही दोष नाही आणि तुमचाही. तिच्याकडून घेण्यासारखं एखादं तंत्र असेल, उजेड कसा ठेवते, किती मिनिटं बोलते, तर ते खुशाल घ्या.

'आता एकदम बदलले तर सगळ्यांना कळेल की आधीचं नाटक होतं' अशी भीती तुम्ही लिहिलीय. थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात ओळखणारे चौथाईच्या आसपास निघाले. आपल्यावरचा प्रकाशझोत आपल्याला नेहमीच मोठा वाटतो. त्यामुळे बदलाची घोषणा करू नका, 'आजपासून खरी मी' असा व्हिडिओ तर मुळीच नको. नुसतं वागायला लागा. थोडे फॉलोअर जातील, आणि आकडा खाली येताना पाहून पोटात खड्डाही पडेल, ते मी नाकारत नाही. माहिती तोंडोतोंडी पसरायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात क्लिनिकचा खर्च काही थांबत नाही. म्हणून दिसणं बंद करू नका, असाच माझा सल्ला आहे. पण मोजायचं वेगळं काहीतरी ठेवा. नव्या पेशंटच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा: 'तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं?' ११,००० पैकी किती जण प्रत्यक्ष आले ते माहीत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तीन महिन्यांनी तो रकाना वाचून काढा आणि पैसा-वेळ कुठे घालायचा ते त्यावरून ठरवा.

एजन्सीशी भांडायचं कारण नाही. त्यांनी त्यांना येतं ते केलं, आणि ते करायला तुम्हीच सांगितलं होतं. संकलन, अक्षररचना, वेळेवर पोस्ट जाणं ही कामं त्यांच्याकडेच राहू द्या. शब्द मात्र तुमचे, आणि तुम्ही वाचून 'हो' म्हटल्याशिवाय एकही ओळ बाहेर जाणार नाही, हे लेखी ठरवून घ्या. खात्यांचे पासवर्ड आणि मालकी तुमच्या नावावर आहे ना, तेही बघून घ्या. हे सगळ्यात आधी बघायचं असतं आणि बरेच जण सगळ्यात शेवटी बघतात.

आज रात्री ती '२१ दिवसां'ची रील काढून टाका. बाकीच्या रील एकेक करून पाहा, ठणका कुठे आणि कळ कुठे ते ठरवा, त्याला आठवडा लागला तरी चालेल. आणि उद्या सकाळी पहिल्या पेशंटला व्यायाम समजावताना छापील पत्रक बाजूला सारा. कोरा कागद घ्या, काडीमाणूस काढा, बाण काढा, 'इथे नको' लिहा. शेजारी फोन उभा करून तेवढा कागद आणि तुमचा हात दिसेल असं चित्रण करा. चेहरा नको, पेशंट नको, संगीत नको, ४० सेकंद पुरे. कागद त्याला देऊन टाका. व्हिडिओ एजन्सीकडे पाठवताना एवढंच सांगा की पेन्सिल घासल्याचा आवाज काढू नका.